नातेवाईकांनी बाहेर थांबावे

पालिका कचेरीच्या दारातल्या बाईने हात आडवा केला आणि न्हावी उंबऱ्यातच अडला. तिने पाटीवर बोट ठेवून ती वाचून दाखवली. नगरपालिकेचा नवा नियम होता: बाहेरून आलेल्यांनी आपलं काम आपणच सांगावं, अडलं तर दुभाषा मिळेल, नातेवाईकांनी बाहेर थांबावं. बायको एकटी आत गेली. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

बाकावर बसून तो चरफडत राहिला. एकोणीस वर्षं या शहरात ती बोलली ती त्याच्या तोंडाने. डॉक्टर, घरमालक, मुलीची शाळा. ती त्याच्याकडे बघायची आणि तो बोलायचा. मग पालिकेने भाषेचे फुकट वर्ग काढले, आणि आठ महिन्यांत ही भाजीवाल्याशी हुज्जत घालायला लागली.

काचेपलीकडे ती हसली. त्याचा जळफळाट झाला. पुरुषालाही सवत असते, हे त्याला त्या बाकावर कळलं. त्याला वगळून तिला कुणाशी हसता येतं, हेच सहन होईना.

वीस मिनिटांनी ती कागद घेऊन बाहेर आली.

“एवढा वेळ काय बोलत होतीस?”

“कामाचं.”

त्याने सवयीने कागद हातातून घेतला, ओळींवरून डोळे फिरवले आणि घडी करून खिशात घातला.

“दुकानात नीट वाचतो. उद्या सांगतो.”

“अहो,” ती हळू आवाजात म्हणाली, “घरातलं प्रत्येक पत्र तुमच्या खिशातून दुकानात जातं. परत येतं तेव्हा घडीत केस असतात. काळे, पांढरे. एकदा तर लाल.”

त्याचे कान तापले. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की तो पत्र पुढे करायचा. चष्मा विसरलोय, जरा बघता का? बोलायला तो खुर्चीमागे उभा राहून शिकला होता. वाचायला कुणी शिकवलंच नव्हतं.

“कधीपासून माहीत आहे?”

“लाल केसांपासून. मुलगी पाळण्यात होती तेव्हा.”

आतून पुढचा नंबर पुकारला गेला. तो घरी जायला उठला, तशी तिने त्याची बाही धरली.

“तुमचाच नंबर आहे. वाचनाच्या वर्गाला आज तुमचं नाव दिलंय.”



“तू चल ना आत.”

तिने दारावरच्या पाटीकडे बोट केलं. त्याला ती वाचता येत नव्हती, पण काय लिहिलंय ते ठाऊक होतं.