नानी म्हणजे

सगीराला एकच गोष्ट हवी होती, आणि ती मागून मिळण्यासारखी नव्हती. नातवानं तिला एकदा, निदान एकदा, ‘नानी’ म्हणावं. परवा मुबीन आईबापाबरोबर जपानला निघायचा होता, कमीत कमी तीन वर्षांसाठी. पावणेदोन वर्षांचं पोर. परत येईल तेव्हा आपल्याला ओळखील तरी का, अल्ला जाणे! बरं, बोलतच नसतं तर तेही सोसलं असतं. पण छे! पानी म्हणायचं, म्याऊ म्हणायचं, अम्मी म्हणायचं, आणि कहर म्हणजे शहरात राहणाऱ्या विहीणबाईला खणखणीत ‘दादी’ म्हणायचं. सगीरा दर खेपेला सिल्लोडहून एसटीत हाडं खिळखिळी करून घेत यायची, पोराला मांडीवर घेऊन ‘म्हन ना-नी’ करत घसा कोरडा करायची, आणि हा पठ्ठ्या तोंडात बोट घालून पंख्याकडं बघत बसायचा.

त्या दुपारी जावई वहाब म्हणाला, “अम्मा, चला, आज तुम्हाला जपानी जेवण खाऊ घालतो. आम्ही कुठं चाललोय ते कळू द्या तरी.”

शेंद्र्याच्या कारखान्यात जपानी साहेब लोक येतात. सगीराची लेक जहांआरा तिथंच दुभाषी होती. त्यांचं आपल्या लोकांना आणि आपलं त्यांना समजावून सांगायची. त्या साहेबांच्या पोटासाठी एका जपानी नवरा-बायकोनं जालना रोडला हे हॉटेल काढलं होतं. दारात चपला काढायच्या, आत चटईवर मांडी घालायची, पुढ्यात बुटकं टेबल. सगीरा टेकली आणि म्हणाली, “हे तर आपलंच हाय की गं. मला वाटलं खुर्चीत लटकावं लागतं का काय!”

खिडक्यांना काचेऐवजी पांढरा कागद होता. बाहेर जालना रोडवर ट्रक धडधडत होते, पण आत ते लांब कुठंतरी चालले आहेत असं वाटत होतं. ऊन कागदातून गाळून येई आणि दुधासारखं चटईवर पसरे. वर कागदाचे गोल दिवे लोंबत होते, वारा नसतानाही हळूच फिरत होते. सगीरा पहाटेच्या नमाजाला उठलेली, पहिल्या एसटीनं आलेली. वाटीतल्या गरम पाण्याची वाफ तोंडावर आली तशी तिची पापणी जड झाली. ती जागीही होती आणि नव्हतीही. तिला वाटलं, आपण सगळे निघालोच आहोत, विमान वगैरे काही लागलं नाही, आणि हे पोचलोसुद्धा. आता कुणी कुणाला सोडून जायचं नाही. किती बरं वाटलं तिला!

तेवढ्यात मालकीणबाई ताटल्या घेऊन आली, आणि सगीराची झोप उडाली. सगीरा जातीची मनियारीण. सिल्लोडच्या बाजारात चाळीस वर्षं बायकांना बांगड्या भरलेल्या. माणसाचं तोंड ती मागाहून बघायची, आधी मनगट.

“हाय हाय!” ती लेकीच्या कानाला लागली. “एवढी कवळी बाई, आन् हात भुंडे? नवरा गेला का गं हिचा?”

“अम्मा! नवरा आत भात करतोय तिचा. त्यांच्यात घालतच नाहीत बांगड्या.”

“नवरा जित्ता असून भुंडे हात! कसला मुलूख म्हनावा हा,” सगीरा पुटपुटली.

जहांआरानं हराम-हलालचं आधीच विचारून घेतलं होतं. अंडं आलं, मासळी आली, आणि कढत पाण्यात जाड्या पांढऱ्या शेवया. मुबीननं वाटीत हात घातला, एक शेवई उपसली आणि मनगटाला गुंडाळली.

“बघा वहाबमियां, मनियाराचं रक्त हाय!” सगीरा हरखली. वहाबनं हसत पोराचा सदरा पुसला.

मुबीनचं लक्ष मग दिव्याकडं गेलं. त्यानं बोट वर केलं आणि ‘आं, आं’ करू लागला. मालकीणबाई ताटल्या ठेवून त्याच्यापुढं गुडघे टेकून बसली, त्याच्या बोटाकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं आणि लाडानं म्हणाली, “नाऽनी?”

सगीराच्या हातातला घास हातातच राहिला. ह्या परक्या बाईलासुद्धा कळलं, मी ह्याची कोण ते!

मुबीन बाईच्या ओठांकडं बघत राहिला. मग स्पष्ट म्हणाला, “नानी.”

“म्हनला! अगे, म्हनला गं!” सगीरा ओरडलीच. डोळ्यांतून घळघळा पाणी. “वहाबमियां, ऐकलं ना तुमी? माझ्या राजा, परत म्हन!”

“नानी,” राजा म्हणाला.

वहाब हसत काही सांगायला गेला, तर जहांआरानं टेबलाखालून त्याचा पाय असा दाबला की तो गपकन पाणी प्यायला लागला. सगीराचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं पिशवीतून हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या, मालकीणबाईचा हात ओढून मांडीवर घेतला, अंगठा आत दुमडला, पंजा चेपला आणि बाई नको-हो म्हणायच्या आत चार-चार चढवल्यासुद्धा. बाई हात हलवून आवाज ऐकत राहिली. मग वाकली, पुन्हा वाकली, आणि किणकिणत आत गेली.

पण मुबीन थांबेना. त्यानं वाटीला बोट लावलं, “नानी?” मिठाच्या बाटलीला लावलं, “नानी?” बापाच्या मोज्याला लावलं, “नानी?”

सगीराचं हसू हळूहळू विरत गेलं. मनियारीण झाली म्हणून काय झालं, अक्कल काही बाजारात विकून आली नव्हती. मोज्याला नानी कोण म्हणतं?

“जहांआरा,” ती म्हणाली. “खरं सांग. काय म्हनतोय तो?”

जहांआरानं मान खाली घातली. आयुष्यभर एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगायचं काम केलेली पोर. आज आईलाच समजावून सांगायची वेळ आली होती. “अम्मा... त्यांच्यात लहान लेकराला ‘हे काय?’ असं विचारतात ना, ते असंच विचारतात. नानी म्हणजे ‘काय’.”

“काय?”

“हां. काय.”

सगीरानं पदरानं डोळे कोरडे केले. तिला स्वतःचीच लाज वाटली, त्या बाईच्या हातात चढवलेल्या बांगड्यांचीही वाटली, आणि तिनं समोरचं ताट बाजूला सारलं. वहाब हळूच म्हणाला, “शिकेल, अम्मा. रोज व्हिडिओवर बोलू की.” तिनं नुसती मान हलवली. ऊन आता चटईवरून भिंतीवर चढलं होतं.

मुबीन टेबलाला धरून धरून तिच्यापाशी आला. तिच्या मांडीवर चढला, शेवईचं ओलं बोट तिच्या नाकावर टेकवलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “नानी?”

सगीरानं त्याच्याकडं पाहिलं. दुसरं काय उत्तर होतं तिच्याकडं?

“नानी,” ती म्हणाली.

त्यानं बोट काढलं नाही. तो तिच्याकडं बघत राहिला, डोळे, नाक, कपाळ, सगळं नीट. मग उत्तर पटल्यासारखी मान हलवली.

“नानी,” तो म्हणाला. ह्या खेपेला तो विचारत नव्हता.