औलीचा स्वयंपाक

गुलमर्ग की औली, एवढ्यावरून त्या घरातली जेवणं दिवाळीपासून लांबत होती. वाढायला सविता उभी असायची, त्यामुळे एकूणएक शब्द तिच्या कानावर पडायचा.

जळगावातलं मोठं जैन घर. सासू धनकुंवर, तिला सविता बाईजी म्हणायची. मुलगा श्रेयांस, सून विधी आणि लेकीचं सगळं बिऱ्हाड, अशी मंडळी जानेवारीत बर्फात निघायची होती. गुलमर्गला जायचं तर टूरवाल्यांबरोबर. मोठं हॉटेल, माणसांची जत्रा, आणि कांदा-लसणाशिवाय रांधणारा त्यांचाच आचारी. औलीला जायचं तर भाड्याचं घर, समोर एक लांबलचक पांढरा उतार, चिटपाखरू नाही, आणि स्वयंपाक आपला आपण. म्हणजे स्वयंपाकीण बरोबर. म्हणजे सविता!

सवितानं बर्फ पाहिला होता तो रसवंतीतला, गोणपाटात गुंडाळलेला. मे महिन्यात, गाव भाजून निघत असताना, तिनं याच ओट्याशी फुलके शेकले होते. एकदा, फक्त एकदा, थंडीनं दात वाजले पाहिजेत, एवढंच तिचं मागणं. भडगावला नणंदेला फोनवर बोलूनही बसली होती. झुंबरबाई कुठली गप्प राहते! "काय वं, बरफ देखाले जाशी का? आठे बठ्ठासले सांगी टाकं मी!" आता साऱ्या गावाला सांगून झाल्यावर माघार घेतली तर भडगावात तोंड दाखवायची सोय नाही.

विधीला मात्र गुलमर्ग हवं होतं. ती धुळ्याची. लग्नाआधी कॉलेजच्या पोरींबरोबर बर्फावर घसरायला शिकून आली होती, आणि त्यानंतर या घरात येऊन थालीपीठ उलटायला शिकली. "तिथले उतार मोठे आहेत, सविताताई," ती ओट्याला टेकून सांगायची. "पण औली ठरलं तर तुम्ही याल, तेही छानच." नुसतं बोलून थांबली नाही. एक जाड निळा स्वेटर तिनं सविताच्या हातात ठेवला. "ठरेल तेव्हा ठरेल. असू द्या."

एवढ्या मायेनं त्या घरात सविताशी दुसरं कोणी बोलत नव्हतं, हे ध्यानात ठेवा.

एका दुपारी विधी हसत हसत म्हणाली, "गुलमर्गला सगळ्यांचा डोळा चुकवून मी एक प्लेट कांदाभजी खाणार आहे. गरमागरम! बाईजींना सांगू नका हं."

"मी कशाला सांगते, वहिनी?" सविता म्हणाली.

संध्याकाळी श्रेयांस म्हणाला, टूरचे पैसे उद्या भरून टाकू, गुलमर्ग पक्कं. म्हणजे सविता घरी. रात्रभर तिनं मनाची समजूत घातली, की औलीला गेलं तर वहिनीचं काय बिघडतं? मी रांधीन, ती घसरेल. कोणाचं वाईट होतंय? स्वार्थाला कारणं बरी सुचतात हो! सकाळी बाईजींचे गुडघे चोळता चोळता तिनं हळूच सोडून दिलं, "वहिनी गुलमर्गला कांदाभजी खाणार म्हणत होत्या. मला आपलं राहवलं नाही."

बाईजींनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "बरं केलंस सांगितलंस."

जेवणावर निकाल लागला. "औली," बाईजी म्हणाल्या. सविताच्या हातातलं वरण सांडता सांडता राहिलं. एवढा आनंद!

"आणि स्वयंपाक विधी करील."

श्रेयांसनं मान वर केली. "आई, पण तिला स्कीइंग..."

"सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, सूर्य बुडायच्या आत रात्रीचं. तिथं दिवस केवढासा असतो! उजेड असेतो ओट्याशी राहील, म्हणजे कांदा आठवणार नाही. अंधार पडला की खिडकीतून बघ म्हणावं बर्फ."

श्रेयांसनं मान पुन्हा ताटात घातली. विधी पांढरीफटक पडली.

"आणि बाईजी, मी?" सविताच्या तोंडून निघून गेलं.

"तू घर सांभाळ." बाईजी शांतपणे, सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "जी सुनेचं माझ्याकडे आणते, ती माझं कुठं कुठं नेईल? अशी बाई मी परमुलखात नेत नाही."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो असा. विधीनं सविताकडे एकदाच पाहिलं. सविता उगीच पोळीला तूप लावत राहिली, लावलेल्या पोळीलाच पुन्हा.

निघायच्या आदल्या दिवशी विधी स्वयंपाकघरात आली. ती ओरडेल, चार शिव्या देईल, निदान रडेल, म्हणून सविता छाती घट्ट करून उभी होती. तसं काही झालं नाही.

"डाळ ढोकळीची डाळ किती शिजवता?" विधीनं विचारलं. सवितानं सांगितलं. विधीनं ऐकून घेतलं.

"वहिनी, माझं चुकलं हो. मला वाटलं..."

"तो स्वेटर द्या."

सवितानं खुंटीवरची पिशवी खाली घेतली.

"माझं बर्फातलं जाकीट बाईजींनी दुकानात परत पाठवलं. बर्फात जायचंच नाही तर कशाला, म्हणाल्या. पण पहाटे त्या ओट्याशी थंडी वाजेल ना मला." तिनं हात पुढे केला. "तुम्हाला इथं लागायचा नाही."

सवितानं पिशवीतून स्वेटर काढला. त्याची घडी अजून मोडली नव्हती. तो तिनं विधीच्या हातावर ठेवला, आणि तेवढ्यात भडगावहून झुंबरबाईचा फोन वाजायला लागला.