अळीचा अर्धा दगड

तुम्ही आमची अळी कुलपात कोंडून ठेवलीत. चोरली नाहीत, हे मान्य. चोराला निदान मालाची किंमत कळते. तुम्ही ती नेलीत, खणात टाकलीत, वर ‘झाडाचा देठ’ अशी चिठ्ठी डकवलीत आणि विसरून गेलात. तुमचं नाव मी घेत नाही, ते भीतीपोटी नव्हे. राजधानीतल्या तुमच्या संस्थेच्या पाटीवरचं नाव इतकं लांबलचक आहे की ते लिहायला माझी शाई फुकट का घालवू? कोणाला बोलतोय ते तुम्हाला बरोबर कळतंय.

आमचं गाव बातकेन शहराच्या बाजूला, एका उघड्याबोडक्या राखाडी डोंगराच्या पायथ्याशी. डोंगराचा दगड पापुद्र्यांचा. कडेला हातोडीचा हलका टोला दिला की तो पुस्तकासारखा उघडतो. आत कधी पंख, कधी पान, कधी नुसतीच काळी रेघ. दगड उघडला की आतला किडाही दुभंगतो, थोडा या तुकड्यावर, थोडा त्या. दोन्ही तुकडे हाताशी असले तरच किडा पुरा. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

असे दगड बघायला तुमचे साहेब आले तेव्हा माझी भाची बेगायम शाळेत होती. तो दगड तिनेच डोंगरावरून आणला आणि तिनेच उघडला. आत करंगळीच्या पेराएवढी अळी. साहेब उतरले होते तिच्या आईकडे, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीकडे, ऊल्कानकडे. पुलाव झाला, चहा झाला, आणि निघताना ऊल्कानने तेच केलं जे आमच्यातली कुठलीही बाई करते. पाहुण्याला रित्या हाताने जाऊ द्यायचं नाही. पंगतीतलं चांगलंचुंगलं त्याच्या घरच्यांसाठी बांधून द्यायचं. त्याला आम्ही केशिक म्हणतो. तिने रोट्या बांधल्या, कुरुतचे, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे, आंबट गोळे बांधले, वाळवलेले जर्दाळू बांधले. एका साहेबाची नजर दगडावरून हलत नाही हे बघून तिने त्याचा एक तुकडाही त्याच फडक्यात बांधला. दोन्हींतला चांगला.

बेगायम भोकाड पसरून रडली.

“रडतेस काय? अर्धा आहे ना तुझ्याकडे?” ऊल्कान म्हणाली. “पाहुण्याला काय टाकाऊ तुकडा द्यायचा?”

पुढे बेगायम ओशच्या विद्यापीठात शिकायला गेली. किड्यांची पोरं युगायुगांतून कशी बदलत गेली, हाच तिचा अभ्यास. या वसंतात ती घरी आली ती तोंड पाडून. रेशीमकिड्यांचा हंगाम होता. ऊल्कानच्या घरातली सगळ्यांत मोठी खोली अळ्यांनी भरलेली, आणि घरातली माणसं ओसरीवर. आम्ही तिघं तुतीच्या फांद्या पसरत होतो.

“आई, तो दुसरा तुकडा परत मागायला हवा.”

“केशिक परत मागतात?” ऊल्कानने हातातली फांदी उगारली. “उद्या म्हणशील, पाहुण्याच्या पोटातला पुलावही काढून आण.”

“मी फोन केला होता. ते म्हणाले, तुमच्या आईने भेट दिली, आता तुमचा त्यावर हक्क नाही.”

“बरोबरच बोलले की.”

“काय बरोबर, एजे?” मी ताईवर भडकलो. “नुसता बघायलासुद्धा देत नाहीत!”

“एर्गेश, तू गप. तुला चहा जरी गार मिळाला तरी सरकारचा हात दिसतो.” मग ती मुलीकडे वळली. “पण त्या मेल्या किड्यात एवढं आहे तरी काय?”

बेगायमने ताटातली एक अळी अलगद उचलून तळहातावर घेतली. “हिला बघ. पुढचे सहा पाय खरे, मागचे नुसते मांसाचे ठोंब, फांदी धरायला. आता हिची आई आठव, ते पांढरं पाखरू. दोघींत काही साम्य आहे?”

“काडीचं नाही.”

“आणि टोळाचं पिल्लू? अंड्यातून निघालं की छोटा टोळच. फार फार पूर्वी सगळ्याच किड्यांची पोरं तशी होती, आईबापांची लहान नक्कल. मग काहींची पोरं वेगळी निघू लागली. मऊ, लांबुळकी. पंखांचं काम कोषावर ढकललं आणि स्वतः फक्त खात सुटली. आईचं खाणं वेगळं, पोराचं वेगळं. एका ताटावरून भांडण नाही. अशांचीच तर जगात चलती झाली.”

“आणि तू घोडी झालीस तरी माझ्याच ताटात जेवतेस.”

“आई, ऐक ना! पुढे या अळ्यांचीही किती रूपं झाली. कोणी शिकारीमागे पळायला पाय ठेवले. माशीच्या अळीने पाय टाकूनच दिले. आईने अंडी अन्नातच घातली तर पोराने चालत जायचं कुठे? काही पाण्यात राहिल्या, त्यांच्या कुशीला कल्ले आले. पण कोणी काय टाकलं आणि काय नवं केलं, हे कळायचं तर दगडातली अळी हवी. मऊ शरीर, ते दगडात टिकतंय कशाला! आपली टिकली. माझ्या तुकड्यात पुढचे सहा पाय स्वच्छ दिसतात. पोटाला मात्र नुसते खळगे आहेत. त्यात पाय होते की कल्ले, ते त्या दुसऱ्या तुकड्यावर आहे. तो नाही मिळाला तर आमचे सर म्हणतात, विषय बदल. जर्दाळूवरच्या मावा किडीवर लिही.”

एवढं बोलून ती उठून बाहेर गेली. ऊल्कानने उरलेल्या फांद्या सारख्या केल्या.

“मागायचं नाही,” ती म्हणाली. “पण ते आपल्याकडे पाहुणे म्हणून येऊन गेले. परतभेटीला आपण अजून गेलोच नाही.”

कोष उतरवून झाल्यावर आम्ही तिघं निघालो. घाट ओलांडून, अंग आंबवून तुमच्या दाराशी पोचलो. पहारेकरी म्हणाला, पास दाखवा. ऊल्कानने पायरीवर फडकं अंथरलं, रोटी मोडली आणि पहिला तुकडा त्याच्याच हातात दिला. आता घास तोंडात असलेला माणूस कोणाला हाकलणार?

आतून तुमच्या भांडारावरची बाई आली, आसिलकान. (तिला यावरून छळाल तर मी पुन्हा लिहीन.)

“आपा, इथे बसून जेवायला बंदी आहे.”

“मग आत ने.”

आसिलकानला हसू आवरेना. तिने नेलं. बेगायमने सांगितलं त्या वर्षाचे खण उपसले, आणि झाडांच्या खणात आमची अळी सापडली. बेगायमने दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. मी मोबाइलचा उजेड तिरका धरला. प्रत्येक खळग्याच्या जागी एक बारीकसं पीस होतं, आणि त्या पिसाला पायासारखी पेरं होती.

“तायके, उजेड हलवू नको,” बेगायम मला, तिच्या मामाला, म्हणाली. “हे कल्ले आहेत. पण पेरं बघ! पायाचाच कल्ला होत गेला असेल तर? नीट तपासायला हवं. भिंगाखाली, पेरन् पेर.”

“हे माझ्या रोटीच्या फडक्यात होतं?” ऊल्कानने तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात तुमचे साहेब आले, फडक्यातून दगड नेला होता तेच. कोणी आत सोडलं म्हणून ओरडले. मग आसिलकानने भिंग पुढे केलं. ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. उठले तेव्हा आवाज खाली आला होता, पण शब्द जुनेच. “समितीची परवानगी लागेल. तोवर फोटो नाही, माप नाही.”

“कधी मिळेल?” बेगायमने विचारलं.

“कळवू.”

मी तोंड उघडणार तोच ऊल्कानने आमचा तुकडा उचलला आणि खणात त्याच्या जोडीदाराशेजारी ठेवून दिला.

“आई!”

“एजे, वेड लागलं का तुला?”

तिने आमच्याकडे बघितलंही नाही. साहेबांना म्हणाली, “बाळा, तेव्हा अर्धं केशिक दिलं होतं, उरलेलं हे घे. जोडी मोडायची चूक माझी, ती मी निस्तरली. आता तुझं काम. केशिक घरी नेऊन सगळ्यांना वाटायचं असतं, ही पोर त्या सगळ्यांत आली. कुलपात ठेवलेल्या केशिकला काय म्हणतात, ते तुझ्या आईला विचार.”

साहेबांचे कान लाल झाले. आसिलकानने जुनी चिठ्ठी खरवडून काढली आणि पेन्सिलीने लिहिलं, ‘अळी’. साहेबांनी ते पाहिलं. अडवलं नाही.

घाटापर्यंत बेगायम आईवर धुसफुसत होती. घाटात गाडी तापली म्हणून थांबलो, तेव्हा म्हणाली, “दोन्ही तुकडे एका खणात. आता निदान एक हरवला असं त्यांना म्हणता येणार नाही.” ओशला उतरताच तिने सरांना सांगून टाकलं, मावा नको, अळीच.

साहेबांचे लाल झालेले कान मी पाहिलेत, म्हणून तुमच्यातली सगळीच माणसं दगड आहेत असं मी म्हणत नाही. पण ‘कळवू’ हे उत्तर नव्हे. आमच्याकडे होतं ते सगळं आता तुमच्याकडे आहे. तुमची समिती कधी बसते? बेगायमला भिंग, टेबल आणि तो उघडा खण कोणत्या दिवशी देता? दिवस सांगा.