गौतमच्या पेटीतलं उत्तर

मित्रांनो, मी एक जुना मेल सर्व्हर आहे. नाव भारदस्त असलं तरी दिसायला साधा काळा खोका. कॉटन ग्रीनच्या एका मालवाहतूक कंपनीत, जिन्याखालच्या खोलीत माझी बारा वर्षं गेली. इथल्या प्रत्येकाची मेलपेटी माझ्या पोटात. ऑफिसातून शिवडीच्या गोदामात आणि गोदामातून ऑफिसात जाणारा प्रत्येक मेल माझ्या हातून जायचा. पोचला तर कुणी माझं नावही घेत नसे. अडकला की मात्र सगळे माझ्या नावाने खडे फोडत.

वर्षातून एकदा तेवढी माझी आठवण व्हायची, खंडेनवमीला. शिपाई कुशाबा मला बंद करून पुसायचा, हळदकुंकू वाहायचा, झेंडूची माळ घालायचा. यंत्रालाही एक दिवस आराम हवा, असं तो म्हणायचा. मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

गोदामात गौतम होता आणि ऑफिसात त्याची बायको वैशाली. रोज दुपारी तो तिला मालाची यादी पाठवायचा आणि खाली एकच ओळ लिहायचा, 'जेवलीस का?' वैशाली यादी उतरवून घ्यायची आणि मेल पुसून टाकायची. उत्तर काय, संध्याकाळी घरी देता येईल. दोन वर्षांपूर्वी गौतम अचानक गेला. त्याच्या त्या मेलच्या प्रती तेवढ्या त्याच्या पेटीत, माझ्यापाशी राहिल्या.

यंदा कंपनीने बाहेरची मेलसेवा घेतली. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या अर्णवने माझ्यातल्या पेट्या तिकडे न्यायला लावल्या. कामावर असलेल्यांच्या आधी, नसलेल्यांच्या शेवटी. नेमकी दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. कुशाबाने शिरस्त्याप्रमाणे बटण बंद केलं आणि माळ घातली. सणानंतर सगळ्यांना आपापले मेल नीट दिसले, म्हणून अर्णवने काम झालं असं धरलं. मला कुणी पुन्हा चालू केलंच नाही. माळ सुकून गेली, तरी खोलीचं दार उघडलं नाही. एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी मला भंगारात द्यायचं ठरलं. शुक्रवारी वैशाली अर्णवकडे आली.

"अर्णव, नव्या मेलमध्ये गौतमची पेटी दिसत नाही रे."

"सगळ्या आल्यात, ताई. त्यांची नसेलच."

चहा घेऊन आलेला कुशाबा खाली बघत म्हणाला, "अरे, खंडेनवमीला मी बंद केलेला ना तो जिन्याखालचा खोका. तुझं काम चालू होतं काय तेव्हा?"

अर्णवने कपाळावर हात मारला आणि धावत येऊन माझं बटण चालू केलं. घरघर करत मी उठलो. गौतमची पेटी जशीच्या तशी होती. वैशाली माझ्या पडद्यासमोर स्टुलावर बसून वाचत राहिली. यादी, जेवलीस का. यादी, जेवलीस का. अर्णवने सगळ्याची प्रत काढून तिला दिली. सुटलो बाबा, असं मला वाटलं.

पण ती उठली नाही. माझ्यातलीच स्वतःची जुनी पेटी उघडून तिने गौतमच्या शेवटच्या मेलला उत्तर लिहिलं, 'जेवले. तू?' आणि पाठवून दिलं.

मी ते पोचवलं. तेच तर माझं काम. गौतमच्या पेटीत आता एक न वाचलेला मेल आहे. उद्या भंगारवाला येईपर्यंत मी तो सांभाळत बसलोय. मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल, माळही नको. पण तुम्हाला कुणी जेवलात का विचारलं, तर उत्तर त्याच दिवशी द्या.