तिसऱ्या भोकापाशी पिवळा ठिपका

वरवरचे बोर्ड बघून भाव सांगणारा माणूस आमच्या धंद्यात दोन वर्षं टिकत नाही. भंगारातले सर्किट बोर्ड पोत्याने घ्यायचे तर मी आधी बाही सरसावते, कोपरापर्यंत हात आत घालते आणि मधला बोर्ड ओढून काढते. ही बाबांची शिकवण. विकणारे काय एकेक नमुने असतात! ॲल्युमिनियमचे जाड पत्रे तसेच ठेवतील, लोखंडी पट्ट्या ठेवतील, एकाने तर पाणी मारून वजन वाढवलं होतं. हे सगळं बोर्डाच्या भावाने आपल्या गळ्यात येतं, आणि पुढे भट्टीवाला त्याचा एक पैसा देत नाही. तो माल दळतो, त्यातला चिमूटभर तपासतो, आणि सोनं किती, तांबं किती, ते दीड महिन्याने कळवतो. तोवर ट्रकचं भाडं आणि मजुरी आपल्याच खिशातून. वर लोक म्हणतात, तुमचं बरंय बाई, सोन्याचा धंदा. माझ्या डोक्यात अशी तिडीक जाते!

तर एका जुन्या टेलिफोन एक्स्चेंजचा लिलाव निघाला. नऊ टन बोर्ड, जसे आहेत तसे, जिथे आहेत तिथे. हे 'जिथे' म्हणजे तिसरा मजला, आणि लिफ्ट बंद. जुन्या बोर्डांवर सोन्याचा मुलामा चांगला जाड असतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण जिन्याची मजुरी मनात धरून बाकीच्यांनी काढता पाय घेतला. मी खिडकीची चौकट काढून कप्पी लावली आणि चार दिवसांत सगळा माल खाली उतरवला. चौदा मोठ्या पिशव्या भरल्या. काट्यावर वजन झालं, प्रत्येक पिशवीला नंबराचं सील लागलं. ट्रक शुक्रवारी येणार होता.

सोमवारी जेवताना मी ही बहादुरी आईला ऐकवत होते. ती शांतपणे भाजी वाढत होती.

"कुठलं एक्स्चेंज म्हणालीस?"

"बंदरामागचं. पिवळ्या इमारतीतलं."

आईच्या हातातला डाव भांड्यातच राहिला.

"दोनशे बारा नंबरची बॅच तिथेच गेली होती," ती म्हणाली. "मला त्या पिशव्या बघायच्यात."

आता दोनशे बारा म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. मी ती गोष्ट ऐकतच मोठी झाले. आई टेलिफोनचे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस होती. भिंगाखाली डोळ्यात तेल घालून प्रत्येक जोड बघायचा आणि पास झालेल्या बोर्डावर काडीच्या टोकाने आपल्या रंगाचा लाखेचा ठिपका द्यायचा, हे तिचं काम. तिचा रंग पिवळा. अकरा वर्षं तिच्या हातून गेलेला एक बोर्ड परत आला नाही. आणि मग दोनशे बारा नंबरची अख्खी बॅच परत आली. बंदराकडचे चाळीस फोन मुके झाले होते.

चौकशी बसली. साहेबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक बोर्ड टेबलापलीकडून दाखवला. पिशवीतून पिवळा ठिपका दिसत होता, पण आईला तो हातात घेऊ दिला नाही. चूक मान्य करून सही करा, ताकीद देऊन सोडतो, असं साहेब म्हणाले. आई म्हणाली, ठिपका माझा नाही, माझी बाटली कुणीतरी वापरली आहे. शेवटी दुरुस्ती विभागातून साक्षीला माणूस बोलावला. तो माणूस म्हणजे आमचे बाबा. परत आलेले बोर्ड त्यांच्याच टेबलावर दुरुस्तीला गेले होते. साहेबांनी विचारलं, ठिपका कुणाचा? बाबा म्हणाले, "माझ्या बायकोचा नाही." मग खिशातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि आईला घेऊन बाहेर पडले. एका दिवसात घरातल्या दोन्ही नोकऱ्या गेल्या.

दुसऱ्या महिन्यात बाबांनी हातगाडीवर मोडके रेडिओ गोळा करायला सुरुवात केली. आमचं गोदाम, आमचा काटा, माझं शिक्षण, सगळं त्या एका दुपारच्या रागावर उभं राहिलं.

घरी पाहुणा आला की आई ही गोष्ट सांगायची. "तोंडावर सांगितलं यांनी साहेबाला," इथे आली की तिचा चेहरा असा काही उजळायचा! आणि नेमके तेव्हाच बाबा उठून चहा करायला जायचे. नुकताच चहा झालेला असला तरी. मला वाटायचं, तीच तीच गोष्ट ऐकून कंटाळले असतील.

मी आईचं म्हणणं टाळायचा प्रयत्न केला. सील तोडलं की पुन्हा वजन, पुन्हा सील, पुन्हा सगळी यादी. दोन दिवसांची मजुरी फुकट. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, साहेब त्याच्याही आधी गेले, आता कशाला उकरायचं?

"मला तो ठिपका एकदा हातात घेऊन बघायचाय," आई म्हणाली. "मी मेल्यावर बघू का?"

मी मजुरांना दुसऱ्या दिवशी लवकर यायला सांगितलं.

मंगळवारी ती गोदामात आली. घरचं भिंग बरोबर, जुना कापडी एप्रन बरोबर. तो एप्रन तिने इतकी वर्षं जपून ठेवला होता, हे मला माहीतच नव्हतं. ती निवडायच्या टेबलाशी बसली आणि एकदम ताठ झाली. मी लहानपणी कधीतरी कारखान्याच्या फाटकातून पाहिलेली आई मला दिसायला लागली. तिने बोर्ड नाकाजवळ नेला.

"अजून तोच वास," ती म्हणाली. "डाग देताना जळणाऱ्या राळेचा. घरी आले की तू म्हणायचीस, आई, तुला गोड वास येतो."

तिला किती बोलायचं होतं त्या दिवशी! हिरवा ठिपका दिसला की हिरवीची गोष्ट. हिरवी फार हसायची, डब्यात सगळ्यांसाठी जास्तीचं आणायची. लाल ठिपका दिसला की लालबाईच्या भांडणांची गोष्ट. सगळ्याजणी ठिपका थेट जोडावर द्यायच्या. आई मात्र बोर्डाच्या कडेला तिसऱ्या भोकापाशी द्यायची, कारण जोडावर लाख गेली की जोड झाकला जातो. ही तिची खोड दुसऱ्या कुणालाच नव्हती. तिसऱ्या भोकापाशी पिवळा ठिपका असलेले बोर्ड निघायला लागले. पाच, वीस, साठ. चौतीस वर्षं चाललेले, एकही जोड न हललेले. आई प्रत्येक बोर्ड भिंगाखाली धरायची आणि मान डोलवायची. मजूरही येऊन बघून गेले. खोटं कशाला सांगू, मजुरीचा हिशेब माझ्या डोक्यातून पार निघून गेला होता.

बुधवारी दुपारी, चौथ्या पिशवीत, पांढऱ्या शाईतला शिक्का सापडला. दोनशे बारा.

आईने हात पुसले. बोर्ड घेतला, भिंग लावलं. बोर्ड उजेडाकडे वळवला, पुन्हा भिंग लावलं.

"आई?"

"तिसऱ्या भोकापाशी आहे," ती म्हणाली. "माझाच आहे."

मी घाईघाईने म्हणाले की कुणी नक्कल केली असेल, इतक्या वर्षांनी काय सांगता येतं. तिने मला हातानेच गप्प केलं.

"माझा हात मला कळतो. तुला गोवर निघाला होता त्या आठवड्यात. चार रात्री जागून मी कामावर जात होते. डोळे मिटत होते गं माझे." तिचा आवाज फाटला. "मी सही केली असती तर ताकिदीवर सुटले असते. माझ्या हट्टापायी यांनी नोकरी सोडली. हातगाडी ओढली माझ्यापायी. आणि चूक माझी होती."

मला तिच्याकडे बघवेना. म्हणून मी बोर्ड तिच्या हातातून घेतला आणि उलटा केला.

मागच्या बाजूला दुरुस्तीची तार होती. दुरुस्तीवाले अशी तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिरपी ओढून मोकळे होतात. ही तार कडेकडेने गेली होती आणि प्रत्येक वळणावर नीट काटकोनात वाकवलेली होती. आमच्या घरातल्या दिव्याची वायर अशी आहे. कपडे वाळवायची तार अशी आहे. गोदामाच्या मीटरमागची वायरसुद्धा अशीच आहे, इलेक्ट्रिशियन आला की हसतो.

मी बोर्ड आईपुढे धरला. तिने त्या वळणांवरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा एकदा.

मग तिने पुढचा बोर्ड उचलला. पुढे पिवळा ठिपका, मागे काटकोनातली तार. त्याच्या पुढचाही तसाच. असे अकरा निघाले. तिने ते अकरा बोर्ड टेबलावर ओळीने मांडले आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

"चौकशीच्या आधीच दुरुस्त केलेत हे," ती म्हणाली. "हातात घेऊन केलेत. तिसरं भोक यांना माहीत नव्हतं होय? मीच तर दाखवलं होतं, लग्नाआधी."

बाबांना तेव्हाच कळलं होतं. साहेबांसमोर उभं राहायच्याही आधी. आणि नंतर अठ्ठावीस वर्षं हा माणूस मूग गिळून बसला.

आईला रडू येईल म्हणून मी पाणी आणायला उठले, तर ती चक्क रागावली होती.

"एकदा तरी बोलायचं! मी आपली येईल-जाईल त्याला सांगतेय, ठिपका माझा नाही म्हणून. सगळ्या गावाला सांगितलं!"

तिने एक बोर्ड एप्रनच्या खिशात घातला. बाकीचे दहा स्वतःच्या हाताने पिशवीत परत टाकले. एका बोर्डाचं वजन यादीतून कमी कर, भट्टीवाल्याला फसवू नकोस, असंही मला बजावलं. मी पिशवी काट्यावर चढवली आणि नवं सील लावलं.

मी वळून बघितलं तर ती मीटरमागच्या वायरीपुढे उभी होती. जन्मभर तिने बाबांना 'अहो'च म्हटलं होतं. आज मात्र ती त्या वायरीला हात लावून हळूच म्हणाली, "म्हणून उठायचास होय रे चहा करायला?"