थोरल्याच्या दगडाला टाकी

सांगोल्याच्या माळावर धुळाची मेंढरं चरायची, तिथेच त्याच्या घराण्याचा थोरला उभा होता. थोरला म्हणजे घराण्याच्या मूळपुरुषाचा कमरेएवढा वीरगळ. खाली मेंढरं, वर काठी उगारलेला माणूस आणि मधल्या पट्टीवर जुन्या कानडीतल्या दोन ओळी. दर दसऱ्याला धुळा थोरल्याला तेल घालून पूर्वजांची नावं घ्यायचा. सात पिढ्या घडाघडा म्हणायचा आणि दगडापाशी येऊन अडायचा. मग दगडावर हात ठेवायचा. "थोरल्या, तुजं नाव तुज्याजवळच हाय." साठी उलटली, तरी मरायच्या आधी एकदा ते नाव तोंडाने घ्यावं, ही आस काही सुटली नव्हती.

सोलापूरच्या एका कॉलेजातल्या महानंदा मॅडम दगडांवरचे असले लेख वाचतात, हे त्याला बाजारात कळलं. लेकीने, रुपालीने, त्यांना फोटो पाठवला. दुसऱ्याच दिवशी मॅडमचा फोन.

"काका, आठशे-नऊशे वर्षांचा लेख असावा! 'मेंढरांसाठी झुंजून पडला' एवढं पहिल्या ओळीत लागतंय. दुसऱ्या ओळीत नाव असणार. पण तेलाच्या थरामुळे ती फारच पुसट दिसतेय. मी सोमवारी येते."

"या की! लई उपकार हुतील."

मॅडम एवढं बोलल्या, पण धुळाने मनात धरलं एकच, अक्षरं पुसट आहेत. आता पुसट दगडाचं काय करायचं, हे काय त्याला शिकवायला हवं? जातं गुळगुळीत झालं की तिप्पण्णा पाथरवटाला बोलवायचं आणि छिन्नीने टाकी लावून घ्यायची, हे घरोघरी चालत आलेलं. नाव वाचायला सोलापुराहून पाहुणी येणार, आणि आपण नुसतं बघत बसायचं?

रविवारी तिप्पण्णा छिन्नी-हातोडा घेऊन हजर झाला. धुळाच्या बायकोने, बाळाबाईने, थोरल्याला कढत पाण्याने न्हाऊ घातलं. तेल निघालं आणि दोन्ही ओळी उघड्या पडल्या. अहो, तेवढ्यावर थांबले असते तर!

"तुला वाचाय येतंय का, दादा?" बाळाबाईने विचारलं.

"वाचाय कशाला लागतंय? रेघ दिसंल तितं खोल करायची."

दिवसभर टकटक चालली. धुळा समोर बसून बघत होता. इतका खूश तो लेकीच्या लग्नातही नव्हता.

सोमवारी मॅडम आल्या. दगडावरची पांढरीशुभ्र, ठसठशीत अक्षरं बघून त्या धावतच दगडापाशी गेल्या.

"आता दिसतंय न्हवं समदं?" धुळा हसत म्हणाला.

मॅडमनी बराच वेळ ओळीवरून बोट फिरवलं. "काका, ही अक्षरंच नाहीत राहिली. मोडलेल्या रेघा जोडल्यात, जोडलेल्या मोडल्यात. जुनं खाली काहीच उरलं नाही."

"फोटू हाय की तुमच्याकडं."

"त्यात नाव तेलाखाली आहे."

धुळा तिप्पण्णावर रागावला नाही. कुठल्या तोंडाने रागावणार? बोलावलं त्यानेच होतं.

दसरा आला. धुळाने सात पिढ्यांची नावं घेतली आणि थोरल्यापाशी येऊन थांबला. सवयीने हात दगडावर गेला. बोटांना टाकीचे खरखरीत घाव लागले. "थोरल्या, तुजं नाव..." एवढंच म्हणाला. पुढचं आता खोटं झालं होतं. त्याने हात काढून घेतला आणि बाळाबाईला म्हणाला, "मीच मारला गं त्याला."