मेहुण्याच्या बासरीतली ताई

बायकोचा आवाज पुसून टाकण्याची विनंती बायकोच्याच भावाकडून यावी, ही गोष्ट कोणत्याही विवेकी नवऱ्याने संशयाने पाहावी अशी आहे. दाजींनी ती संशयानेच पाहिली. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना जाड गाद्या ठोकून त्यांनी ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय थाटला होता. टेबलावरच्या डिजिटल रेकॉर्डरला ते घरातल्या माणसांहून अधिक समजूतदार मानीत, कारण काहीही पुसण्यापूर्वी तो ‘नक्की?’ असे विचारीत असे.

मेहुणा सकाळीच अक्कलदाढ काढून आला होता आणि त्याचा एक गाल दुसऱ्याच्या दुप्पट झाला होता.

“हसू नका, दाजी. तुम्ही हसलात की मला हसू येतं, आणि मग दुखतं.”

अडचण खरीच होती. एका नामांकित वाद्यवृंदाला बासरीवादक हवा होता आणि वादनाचा नमुना आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. गाल उतरेपर्यंत मेहुण्याला फुंकर मारणे अशक्य. हाताशी होते ते एकच ध्वनिमुद्रण: ताईने गायलेल्या गाण्याच्या मध्यात त्याने वाजवलेला बासरीचा लांब तुकडा. तुकडा उत्तम होता. मात्र तेवढ्या वेळात जिला काहीच काम नव्हते, ती ताई अथपासून इतिपर्यंत गुणगुणत बसली होती.

“त्यांनी स्वच्छ लिहिलंय, फक्त बासरी. आणि ही बया मध्ये मध्ये हूं हूं!”

“बया कोणाला म्हणतोस? माझी बायको आहे ती.”

“त्याच्या आधीपासून माझी बहीण आहे.”

दाजी रेकॉर्डरकडे वळले. दाजींनी प्रथम सगळ्या गाण्याची प्रत काढून ठेवली. संसारात मुरलेला माणूस मूळ वस्तूला हात लावीत नाही. मग ताईचा ट्रॅक, म्हणजे तिच्या माइकवरची वेगळी नोंद, निवडून कोठून कोठवर पुसायचे त्याच्या खुणा केल्या. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. कापले की पुढचे सारे मागे सरकून फट बुजवते. पुसले की जागा जेवढ्यास तेवढी राहते, फक्त तीत कोणी नसते. दाजींनी पुसले आणि वाजवून पाहिले.

ताई होतीच. शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखी, पण होती.

“पुसलंत की नुसतं दटावलंत?”

“तिच्या माइकमधून गेली ती. आता ऐकू येते ती तुझ्या माइकमधली.”

“माझ्या माइकमध्ये ती काय करतेय?”

“समोरासमोर कोण बसलं होतं? मी घसा फोडून सांगत होतो, वेगवेगळ्या खोल्यांत बसा. तूच म्हणालास, ताईचं तोंड दिसल्याशिवाय मला वाजवता येत नाही.”

“मग माझ्या ट्रॅकमधून पुसा तिला.”

“तिथं तूही आहेस, बाबा.”

तरीही मार्ग निघाला. बासरी वाजत असता गुणगुण तिच्याखाली दडत होती. श्वास घेण्यापुरता मेहुणा थांबे तेव्हाच ती वर येई. दाजींनी बासरीच्या ट्रॅकमधले तेवढेच थांबे निवडून एकामागून एक पुसले. आता तुकडा निखळ झाला. पण काही तरी बिघडले होते. दर थांब्यानंतर बासरी अशी येत होती, की जणू कोणी जिना चढून वर जावे आणि कशासाठी आलो तेच विसरावे.

“मी उशिरा आलोय का?” मेहुण्याने विचारले.

“उशिरा नाही. तिची गुणगुण ऐकून, तिच्या मागून आलायस.”

त्याच वेळी ताई गार दुधाचा पेला घेऊन आत आली. “काय चाललंय?”

“काही नाही,” दोघे एका सुरात म्हणाले, आणि तेथेच सारे फुटले. तिने हेडफोन हिसकावून कानाला लावला.

“अहो, मी कुठाय?”

“पुसलीय. त्यानं सांगितलं म्हणून.”

“वा रे वा! लहानपणी मी याचं नाक पुसलं, आणि हा मलाच पुसतोय!” पण ऐकता ऐकता तिचा राग मागे पडला. “हा इथं थांबलाय कशाला?”

“तुझी वाट बघतोय.”

“म्हणजे मी खरंच गुणगुणत होते? मला वाटलं मनातल्या मनात म्हणतेय.”

मेहुण्याने दोन्ही प्रती पुन्हा ऐकल्या, गाल धरून विचार केला आणि अखेर न पुसलेली पाठवली. सोबत दाढेची हकीकत आणि एक ओळ: बासरीखेरीजचा आवाज थोरल्या बहिणीचा असून तो आवरता आला नाही.

उत्तर लगेच आले. गुणगुण अमान्य, बासरी ऐकण्याजोगी. गाल बरा झाल्यावर समक्ष यावे. एकट्याने यावे.

“झालं!” मेहुणा मटकन खाली बसला. “दाजी, एकट्यानं नाही जमायचं मला.”

दाजींनी मग ताईला दार लावून बसवले आणि फक्त तिची गुणगुण एका कोऱ्या ट्रॅकवर उतरवली. सूज उतरताच मेहुणा ती हेडफोनवर ऐकत सराव करू लागला आणि दाजी दर दिवशी एका थांब्यातली गुणगुण पुसू लागले. पहिल्या दिवशी तो रिकाम्या जागेत धपकन पडला. “अहो, इथं होती ना ती!” पुढे एकेक जागा तो स्वतःच ओलांडू लागला. सर्वांत लांब थांबा तेवढा उरला, आणि तो पुसायला मेहुणा रोज एका दिवसाची मुदत मागू लागला.

शेवटी ताई आली. “सरका. मलाच पुसू द्या मला.”

यंत्राने विचारले, ‘नक्की?’ “याला तर नवऱ्यापेक्षा जास्त शंका,” म्हणत तिने बटण दाबले, आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून ती भावाच्या पाठीमागे उभी राहिली.

मेहुणा वाजवत थांब्यापाशी आला. कानात काही नव्हते. ताईचे गाल फुगून लाल झाले. दाजी तिच्या ट्रॅकची सपाट रेघ पाहत राहिले. मेहुण्याने श्वास घेतला, तो हवा तेवढाच रोखला, आणि बासरी नेमक्या जागी उतरली.

तुकडा संपल्यावर ताईने हात काढले. “जमलं. पण मी असते ना, तर जराशी लवकर आले असते.”

“म्हणूनच,” मेहुणा हेडफोन काढीत म्हणाला, “एकटा चाललोय.”